तेजोबाच्या दिव्याचं चक्र

उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला दरवर्षी लोक येतात. यंदाही आले, पण देवळाकडे पाठ करून उभे राहिले. देवळापासून बऱ्याच अंतरावर, पाण्याने सोडलेल्या भेगाळ मातीत काळ्या कापडाचा एक मांडव पडला होता आणि त्यात तेजोबा महाराज नावाचं प्रस्थ बसलं होतं. शनिवारची संध्याकाळ होती. इंदापूरचे दुकानदार, भिगवणचे मासळीवाले, बारामतीहून चारचाकीने आलेले बँकेतले साहेब, कन्हेरीहून टेम्पो करून आलेली बायकांची अख्खी भिशी, सगळे एका रांगेत घाम पुसत उभे. मांडवाच्या तोंडाशी प्रत्येकाचा मोबाइल काढून गोणीत टाकला जात होता. मोबाइलने म्हणे ज्योतीच्या लहरी बिघडतात. कोणी बॅटरी मारून बघू नये म्हणून ही तजवीज आहे, असं एकाच्याही मनात आलं नाही.

आत मिट्ट अंधार. मधोमध उंच चौरंगावर काचेची पेटी आणि पेटीत तुपाचा दिवा. भक्त समोर आला की तेजोबा त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा.

"काय दिसतं, बाळ?"

"दिवा दिसतोय जी."

"आणि दिव्याभोवती?"

"भोवती... गोल हाय कायतरी."

"गोल नाही म्हणायचं. चक्र म्हणायचं."

"चक्र हाय जी!"

की मांडवभर जयजयकार. एखादा खरं बोलणारा निघालाच आणि 'नुसतं धुरकट दिसतंय' म्हणाला, तर "पाप आडवं येतंय, पुढच्या खेपेला उपाशी पोटी ये," असा निकाल सगळ्यांदेखत लागायचा. चारचौघांत पापी ठरण्यापेक्षा चक्र दिसलेलं बरं, एवढं बँकेतल्या साहेबांनाही कळत होतं. त्यांना तर दोन चक्रं दिसली.

तेजोबाचं तोंड अखंड चालू. "ही साधी ज्योत नव्हे. ही कॉस्मिक ज्योत आहे! अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना हिचा पत्ता लागलाय, पण ते बोलत नाहीत. का? चष्म्याचे कारखाने बंद पडतील! डोळा कशाने बघतो? बुबुळाने? छट्. डोळा व्हायब्रेशनने बघतो. आणि ज्याला शंका असेल त्याने या भाग्यवंताला विचारावं. याचा चष्मा सुटला. याला माझ्या ज्योतीचं चक्र न सांगता दिसलं. हा चक्रदर्शी आहे, चक्रदर्शी!"

मांडवाच्या खांबाला धरून उभी असलेली जयवंता हे ऐकत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. कारण तेजोबाच्या उजव्या हाताला, गळ्यात झेंडूची माळ घालून, करवलीसारखा मिरवत बसलेला तो भाग्यवंत तिचा नवरा होता. वरकुट्याचे सर्जेराव. डाळिंबाची बाग, थोडा ऊस, कारखान्याचे सभासद, आणि गावात कुठल्याही विषयावर पहिलं मत त्यांचं.

याचा चष्मा कसा सुटला, हे जयवंतापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? बारामतीच्या दवाखान्यात ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

झालं होतं असं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशन करायचंच होतं. पण त्याआधी लेकीच्या सासरी एका साखरपुड्याला गेले, तर तिथे व्याही दादासाहेब चष्म्याशिवाय पत्रिका वाचून दाखवत होते आणि त्याच दमात रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटीही. "आम्ही भारीतली लेन्स बसवली. मल्टिफोकल," असं म्हणून व्याह्यांनी सर्जेरावांच्या जाड भिंगांकडे जे बघितलं, ते सर्जेरावांच्या काळजात रुतलं. आता बसवीन तर व्याह्याचीच लेन्स.

डोळ्यांच्या डॉक्टर माधवी मॅडम बिचाऱ्या सगळं फोड करून सांगत होत्या. "काका, या लेन्सवर एकात एक अशी बारीक कडी असतात. आलेला उजेड ती वाटून देतात, थोडा लांबचं बघायला, थोडा जवळचं. म्हणून चष्मा लागत नाही. पण अंधारात दिव्यांभोवती गोल कडी दिसतात. तिन्हीसांजेला काळ्यावरचं काळं नीट उठून दिसत नाही. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते. पण तुमचं रात्रीचं काम असेल, गाडी चालवणं असेल, तर मी साधी लेन्स सुचवीन. वाचायला चष्मा लावा. खरं सांगा, रात्री बाहेर पडता का?"

"छ्या! सात वाजता जेवून झोपणारा माणूस मी," सर्जेराव म्हणाले.

जयवंताने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटरसायकलवर बसून विहिरीवरची मोटर चालू करायला जाणारा माणूस हाच. सर्जेरावांनी दंड बाजूला घेतला आणि कागदावर सही ठोकली.

दिवसा सगळी मजाच होती. घरातल्या प्रत्येक पुडीवरचं बारीक अक्षर त्यांनी मोठ्याने वाचून काढलं, खताच्या गोणीपासून हळदीच्या पाकिटापर्यंत. पण पुढच्या रात्रपाळीला ते मोटरीवरून परत आले ते घाबरेघुबरे होऊन. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रत्येक दिव्याला सायकलच्या चाकाएवढं कडं. दुसऱ्या दिवशी दिवस बुडताना तर वाटेत बसलेली स्वतःचीच म्हैस दिसली नाही आणि तिच्यावरच धडपडले. जयवंता म्हणाली, डॉक्टरीणबाईंना फोन लावा. पण फोन लावायचा तर 'रात्रीचं तुम्ही बाहेर कसे?' हा प्रश्न येणार. सर्जेरावांनी फोन लावलाच नाही. खोटं बोलल्याची लाज वाटणारा माणूस पुढचं खोटं फार आनंदाने गिळतो, आणि ते त्यांना पळसदेवला आयतं मिळालं.

धाकटी बहीण द्वारकाबाई पळसदेवची. तिच्याकडे गेले असताना तेजोबाचा मांडव बघायला म्हणून गेले, आणि आत पाऊल टाकताच ओरडले, "आरं देवा, केवढं चक्र!" अजून कोणी काही विचारलंही नव्हतं. तेजोबा चपापला. मग त्याने कानाशी लागून हळूच विचारलं, "ऑपरेशन कधी झालं?" आणि उत्तर ऐकल्यावर मांडवाला ऐकू जाईल असं गरजला, "सापडला! मला पाहिजे होता तो डोळा सापडला!"

हे सर्जेरावांनी घरी येऊन स्वतःच कौतुकाने सांगितलं. जयवंता दुसऱ्या दिवशी महाराजांना बघायला गेली, तेव्हा तो पेटीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून ती सदऱ्याच्या टोकाने पुसत होता. ती पुसायची ढब तिने लगेच ओळखली. इंदापूरच्या आठवडे बाजारात रेडिमेड चष्मे विकणारा झुंबर. तांदूळ निवडायचा तिचा चष्मा त्याच्याकडूनच घेतलेला होता आणि तो आठवड्यात मोडला होता.

"आवं, त्यो झुंबर हाय. चष्मेवाला. म्हणूनच तर त्यानं ऑपरेशनचं इचारलं. त्याला ठावं हाय कुणाच्या डोळ्याला काय दिसतं ते."

"पूर्वाश्रम आसतोय प्रत्येकाचा," सर्जेराव म्हणाले. "तुला न्हाय कळायचं. तुला चक्र कुठं दिसतंय?"

त्यानंतर महिनाभर नवरा-बायकोत जेवणापुरतं बोलणं. आणि आज दुपारी द्वारकाबाईंचा मुलगा संदेश याचा फोन आला. "मामी, आत्ताच्या आत्ता या. आयच्या डोळ्याचं काय खरं न्हाय. मी दवाखान्यात चल म्हणतोय, तर म्हणतीय मामा म्हणाला हितंच बस."

मांडवाच्या मागल्या अंगाला कापडाची एक खोली केली होती. खांबापाशी उभ्या जयवंताला संदेशने खुणावलं, मागची कनात वर उचलली आणि ती आत शिरली. आत काळोख, धुपाचा धूर, उलटीचा वास. चटईवर द्वारकाबाई भिंतीसारख्या स्थिर बसल्या होत्या. डाव्या डोळ्यावर भगवी पट्टी.

"वन्सं, काय झालंय?"

"वैनी, आलीस व्हय?" द्वारकाबाईंचा आवाज ओढून काढल्यासारखा. "गुरुवारपासनं चक्र उघडलंय. मला सात रंग दिसलं गं. दादाला नुसतं पांढरं दिसतंय, मला इंद्रधनुष्यावानी. महाराज म्हणालं, दादाच्या वरचं हाय माझं. फकस्त डोकं लई ठणाकतंय. या बाजूनं. आन पोटात काय ठरत न्हाय."

"पट्टी काढा बघू."

"नगं. महाराजांनी अंधारात बसाया सांगितलंय. उजेड लागला तर चक्र मोडंल."

जयवंताने पट्टी वर केली आणि संदेशच्या मोबाइलचा उजेड धरला. (संदेशने मोबाइल गोणीत टाकला नव्हता, मागून आला होता.) डोळा शेंदरासारखा लाल. बुबुळावर धुकं. द्वारकाबाईंनी उजवा डोळा झाकून बघितलं तर समोरची वैनी त्यांना दिसेना, नुसती सावली हलत होती.

जयवंताने त्याच मोबाइलवरून बारामतीच्या दवाखान्यात फोन लावला. तिने लक्षणं सांगायला सुरुवात केली आणि माधवी मॅडमनी तिला मध्येच तोडलं. "काकू, उलट्या होतायत? डोळा लाल? रंगीत कडी? हातातलं सगळं टाका आणि त्यांना घेऊन निघा. हे काकांच्या लेन्ससारखं नाही. डोळ्यातला दाब चढलाय. जितका वेळ जाईल तितकी नजर मरतेय, आणि मेलेली नजर मला परत आणता येत नाही. मी थांबते."

"उठा वन्सं."

"मी न्हाय उठायची." द्वारकाबाईंनी चटई घट्ट धरली. "महाराज म्हणालं, अर्ध्यात उठलं तर डोळा जाईल. आन दादानं सोता सांगितलंय मला, बस म्हणून. दादाला दिसलंय. दादा खोटं बोलंल का? त्यानं म्हणू दे ऊठ, मग उठंन."

जयवंताला त्या क्षणी नवऱ्याचा जितका राग आला तितका जन्मात आला नव्हता. तेजोबा ठक होताच, त्याच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. पण या बाईला चटईला बांधून ठेवणारी दोरी तिच्या घरातून आली होती. मॅडमचं एक वाक्य तिच्या डोक्यात घुमत होतं. जितका वेळ जाईल तितकी नजर मरतेय. ती कनात बाजूला सारून थेट मुख्य मांडवात शिरली, रांग मोडून, लोकांना कोपराने ढकलत, आणि पेटीपाशी जाऊन उभी राहिली.

"ओ बाई! रांगेत या!" कोणीतरी ओरडलं.

जयवंता आणखी पुढे सरकली. तिने पदराचं टोक बोटांना गुंडाळलं आणि पेटीच्या समोरच्या काचेवरून खसाखसा फिरवलं. पदर तुपाने बरबटून निघाला आणि त्या तुपात राखेची मऊ धूळ.

"आता बघा म्हणावं. कुणाला दिसतंय चक्र?"

सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. स्वच्छ काचेत एक स्वच्छ ज्योत, देवघरात जळते तशी. भिशीतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगं बया, गेला की गोल!" बँकेतल्या साहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"काचेला तुपाचा हात लावून वर राख फुंकलीय," जयवंता म्हणाली. "धुक्यातनं दिवा बघितला की भोवती गोल दिसतोय का न्हाय? त्येच हाय हे."

पण तेजोबा बाजारात मुरलेला गडी. चष्म्याची काडी गिऱ्हाइकाच्या हातात मोडली तर 'तुमचंच नाक वाकडं' म्हणणारा. त्याने दोन्ही हात वर केले. "गेलं! अश्रद्ध हात लागला आणि चक्र अंतर्धान पावलं! पण खऱ्या भक्ताच्या नजरेतून ते कोण पुसणार? सर्जेराव! सांगा या सर्वांना. तुम्हाला अजून दिसतं की नाही?"

सर्जेरावांनी ज्योतीकडे बघितलं. "दिसतंय महाराज. व्हतं तसंच हाय."

मांडव दणाणून गेला. लोक जयवंताकडे असे बघायला लागले जणू तिनेच काहीतरी चोरलंय. एक म्हातारा म्हणाला, "सोताचा नवरा सांगतोय तरी बाईची अक्कल बघा!" तेजोबा गालात हसला.

जयवंताने मात्र मान डोलावली. "बरं झालं अजून दिसतंय म्हणालासा," ती म्हणाली, आणि तिने नवऱ्याचा हात धरून त्यांना माळेसकट उठवलं. मांडवाची बाजूची कनात तिने फर्रकन वर ओढली. बाहेर अंधारून आलं होतं. पलीकडे भक्तांच्या सोयीसाठी पत्र्याचा संडास उभा केला होता आणि त्याच्या दारावर पिवळा बल्ब लोंबत होता.

"त्या बल्बाकडं बघा. त्याला हाय का चक्र?"

सर्जेराव गळ्यातल्या माळेची फुलं चाचपायला लागले.

"हाय का न्हाय, येवढंच इचारतीय."

"जयवंता, घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? तुमची बहीण त्या कापडामागं तीन दिवस वकतीय. डावा डोळा गेल्यात जमा हाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आत्ता आणा. ती म्हणतीय, दादा म्हणंल तर उठंन. आता चक्रदर्शी ऱ्हायचंय का भाऊ ऱ्हायचंय, ते तुमी ठरवा. पण लवकर ठरवा."

एवढा वेळ कालवा करणारे लोक आता माना उंचावून बल्बाकडे बघत होते. सर्जेरावांच्या डोळ्यांसमोर बल्ब होता आणि त्या बल्बाभोवती एकात एक कडी होती, मांडवातल्या ज्योतीभोवती होती अगदी तशीच. हे त्यांना आज नव्याने दिसत होतं असं नाही. महिनाभर रोज दिसत होतं. फक्त त्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"हाय," ते पुटपुटले.

"मोठ्यांदा."

"हाय!" सर्जेराव एकदम ओरडले. "संडासाच्या बल्बालाबी हाय! मोटरसायकलच्या लाइटीला हाय. डेरीच्या ट्यूबला हाय. चांदाला हाय. स्टार्टरच्या लाल दिव्याला हाय. आप्रेशन झाल्या दिवसापासनं समद्याला हाय! मॅडमनी आधीच सांगितलं हुतं, लेन्सवर कडी असत्यात म्हणून. रातचं बाहेर जातो का म्हणून इचारलं, तर मी न्हाय म्हणालो. व्याह्यासारखी लेन्स पायजे म्हणून खोटं बोललो. ह्यो महाराज नव्हता तवाबी चक्र हुतं!"

"सर्वत्र ईश्वर भरलेला आहे," तेजोबाने घाईने सुरुवात केली, "तिथेही त्याचं..."

"संडासात?" भिशीतली ती बाई म्हणाली, आणि आधी ती हसली, मग तिच्या शेजारची, मग मांडवच्या मांडव. तेजोबाच्या धंद्याला तेवढं हसूच परवडण्यासारखं नव्हतं. त्याने काहीतरी सावरायचा प्रयत्न केला, पण त्याचं पुस्तकी मराठी एवढ्यात आटून गेलं होतं. "आवं, त्या बाईला उठवू नगा! अर्ध्यात उठली आन डोळा गेला तर माझ्याकडं येऊ नगा!" तो किंचाळला.

सर्जेराव कनातीमागे पोचले होते. माळ त्यांनी कुठेतरी टाकली होती. "द्वारके, ऊठ. माझं चक्र लेन्सचं हाय. तुझं आजाराचं हाय. मी तुला खोटं सांगितलं."

"दादा, तूच म्हणाला हुतास..."

"म्हणालो हुतो. चुकलो. ऊठ माझी बाय."

संदेशची पिकअप बारामतीच्या रस्त्याला लागली. द्वारकाबाई मागे वैनीच्या मांडीवर डोकं टेकून कण्हत होत्या. पुढे बसलेल्या सर्जेरावांच्या अंगावर समोरून येणारा प्रत्येक दिवा कडी घेऊन येत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दवाखाना येईपर्यंत उघडले नाहीत.

माधवी मॅडमनी पापणीवरून बोटाने डोळा दाबून बघितला आणि त्यांचा चेहराच सांगून गेला. सलाईनमधून औषध, डोळ्यात थेंब, पुन्हा थेंब. दाब उतरला तेव्हा द्वारकाबाईंचा ठणका थांबला आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा झोपल्या. दुसऱ्या दिवशी लेसरने दोन्ही डोळ्यांत बारीक छिद्रं पाडली. उजवा डोळा वाचला. तिथेही हा झटका केव्हाही येऊ शकला असता. डाव्या डोळ्याने मात्र हात हलवलेला तेवढा कळतो, चेहरा दिसत नाही, आणि यापुढे दिसणार नाही.

"डोळ्यात सतत थोडं पाणी तयार होतं आणि एका बारीक वाटेने निघून जातं," मॅडम सगळ्यांना समजावून सांगत होत्या. "काही जणांची ती वाट मुळातच अरुंद असते. ती बंद पडली की पाणी तुंबतं, दाब चढतो, पुढची काच सुजते. सुजलेल्या काचेतून दिवा बघितला की भोवती रंग दिसतात. आणि ही वाट बंद कधी पडते माहीत आहे? अंधारात. अंधारात बाहुली मोठी होते आणि तीच वाट अडवून बसते. त्या माणसाने यांना पट्टी बांधून तीन दिवस अंधारात बसवलं. डोळा घालवायचं ठरवूनसुद्धा कोणाला याहून नेमकं काही सुचलं नसतं."

"गुरुवारी आणलं असतं तर?" संदेशने विचारलं.

"गुरुवारी आणलं असतं तर बहुतेक दोन्ही डोळे राहिले असते."

सर्जेराव खाली बघत होते. "मॅडम, माझ्या डोळ्याचं..."

"तुमचे डोळे उत्तम आहेत, काका. कडी हळूहळू कमी जाणवतील. नाहीच झाली तर पुढचं बघू, उपाय आहेत. तोवर अंधारात मोटरसायकल काढायची नाही. लेन्सचा यात काही दोष नाही. मी विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं, तर मी दुसरी बसवली असती."

"तुमी इचारलं हुतं," सर्जेराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ पुढचं मत नव्हतं.

संदेश पोलिसांत तक्रार देऊन परत आला तोवर मांडव गुंडाळला गेला होता. काळं कापड, चौरंग, गोणी सगळं नेलं, संडास तेवढा राहिला. झुंबर आता कुठे आणि कुठल्या नावाने बसलाय कोण जाणे. बसला मात्र असेल. अशा माणसांना गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही, ते रांग लावून येतं आणि मोबाइलही काढून देतं.

द्वारकाबाई घरी आल्यावर गावातल्या बाया भेटायला आल्या. कोणी नारळ आणला, कोणी बिस्किटांचा पुडा. त्यातली सारजा म्हातारी त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघून हळहळली. "देवाच्या मनात हुतं बाई. त्याच्यापुढं कुणाचं काय चालतंय?"

जयवंता चहा गाळत होती, ती थांबली. तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण द्वारकाबाईच आधी बोलल्या.

"देवाला कशाला मधी आणतीस, म्हातारे? देवानं काय केलं? डोळा दुखत हुता, लाल झाला हुता, दिव्याभवती रंग दिसत हुतं. देवानं येवढ्या खुणा दिल्या. पोरगं पाय धरून चल म्हणत हुतं, बारामती काय लांब न्हवती. मीच बसून ऱ्हायले. दादा म्हणाला म्हणून बसले, महाराज म्हणाला म्हणून बसले, दहाजणं पाया पडत हुती म्हणून बसले. कुणाला इचारलं न्हाय, का म्हणून. आता माझ्याकडं नीट बघा समद्याजणी. तुमच्यातलं कुणी डोळा दुखला म्हणून अंगारा लावाया निघालं, तर आधी हितं या आन ह्यो डोळा बघून जा. आन मग दवाखान्यात जा. त्याच दिशी जा."

सारजा म्हातारी जयवंताजवळ सरकली. तिने पदराने स्वतःचा उजवा डोळा पुसला आणि जयवंताला विचारलं, बारामतीच्या त्या डॉक्टरीणबाई कुठल्या वारी असतात.